दानूच्या डोक्याचं माप

लातूर,
बुधवार, २७ एप्रिल २०१६

प्रिय शिवगंगा,

परवा सोमवारी सकाळी मी डोक्याला बॅटरी बांधून पूजेला बसलो. हसू नकोस, आधी ऐक. सहाला लाईट गेली होती. आमच्या देवघराला खिडकी नाही हे तुला माहीतच आहे, तुझी ताई त्यालाच कंटाळायची. तांब्याभर पाण्यात अंग पुसून घेतलं, भस्म लावलं आणि समई लावायच्या ऐवजी पाटासमोर तीन बॅटऱ्या मांडल्या. तिन्ही कपाळाला बांधायच्या. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, हात डोळ्यांसमोर धरला आणि एकेक बॅटरी लावून नजर ठरते का ते पाहिलं. पहिलीच्या उजेडात लिंग दिसेचना, नुसता एक पांढरा ठिपका आणि डोळ्यांतून पाणी. दुसरी 'ओम नमः शिवाय' अकरा वेळा म्हणेपर्यंत लुकलुकायला लागली. तिसरी लावली तेव्हा लिंग दिसलं, तळहाताच्या रेषा दिसल्या, मनगटावरची भाजल्याची जुनी खूण दिसली, आणि त्याच्या पलीकडं काही दिसलं नाही. म्हटलं, हीच. बॅटऱ्या तपासायच्या कामाला देवाला लावलं म्हणून त्याची क्षमा मागितली. तेवढ्यात शेजारच्या सरजाबाई टँकर आल्याचं सांगायला दारात आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "आगं बया! देव हरवला का काय हो अण्णा? बॅटरी लावून हुडकायलात!" मग मी पाण्याचं टिपाड बाहेर काढेपर्यंत त्या हसत होत्या. गल्लीत आता हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तर दानूची बॅटरी मिळाली. या पत्रासोबतच्या डब्यात आहे. तू फोन केलास त्याला तीन आठवडे झाले. माहूरच्या डोंगरात मुलांचं चार दिवसांचं शिबिर आहे, लेण्या बघायच्या आहेत, पहाटे उठून डोंगर चढायचा आहे, आणि सामानाच्या यादीत हेडलॅम्प लिहिलाय, असं तू म्हणालीस. वर म्हणालीस, "दाजी, आम्हाला त्यातलं कळत नाही, तुम्हीच बघा." मी हो म्हटलं आणि दिवसभर मला बरं वाटलं. संध्याकाळी दुकान बंद करताना ध्यानात आलं की तुमच्या नांदेडच्या वजिराबादेत एवढी दुकानं आहेत आणि विरूपाक्षराव बँकेतून येताना कुठंही थांबून घेऊ शकले असते. पण दानूच्या एखाद्या तरी वस्तूला माझा हात लागावा असं तुला वाटलं. सहा वर्षं तू हे करत आली आहेस. तिच्या पहिलीच्या दप्तराचा रंग मला विचारलास, शाळेच्या प्रत्येक कागदावर सही घ्यायला कागद इथं पाठवलास, "कायद्यानं वडील तुम्हीच ना दाजी," म्हणून. मी तुला कधी काही बोललो नाही. फोनवर मला बोलता येत नाही, मी नुसता हूं हूं करतो. म्हणून लिहितोय.

विरूपाक्षरावांनी दिवाळीत दिलेलं पाकीट माझ्याकडंच आहे. त्यांची जूनमध्ये नागपूरला बदली, दानूला तिथल्या शाळेत घालायचं, आणि घालताना ती तुमचीच मुलगी म्हणून घालावी, असं त्यांनी मला किती हळू आवाजात सांगितलं. दत्तकपत्राचा मसुदा हातात देताना म्हणाले, "घाई नाही, दाजी." सहा महिने झाले. तुम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही. त्याच्याबद्दल लिहिणार आहे. पण आधी बॅटरीचं लिहितो, कारण ते लिहिता येतं.

पहिली बॅटरी घेताना मी कुणालाही विचारलं नाही. तीस वर्षं विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतोय, तारेचं नि उजेडाचं मला कोण शिकवणार, असा माझा थाट. गोलाईतल्या शेतीसामानाच्या दुकानात गेलो आणि सगळ्यात मोठी मागितली. रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी देणारे लोक वापरतात तसली, दिवा कपाळावर आणि डबा खांद्याला. दुकानदार म्हणाला, "मामा, अर्ध्या कोसावरच्या रानडुकराचे डोळे चमकतील." मी म्हटलं, बांधा. माझ्या हिशेबी जास्त लांब पोचेल तो चांगला उजेड. लेकरू अंधारात जाणार, तर त्याच्यापुढचा सगळा अंधार पळून जावा. नांदेडच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडं तो डबा देऊन मी स्टँडवरच चहा प्यालो, एवढा खूष होतो.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला. तू किती सांभाळून सांगितलंस. बॅटरी फार भारी आहे, दाजी, पण दानूची मान खाली जाते. मग तुलाच हसू आवरेना. तुमच्या बैठकीत पडदे लावून तिनं ती बांधली आणि ज्याच्याकडं बघेल तो डोळ्यांवर हात घ्यायला लागला. विरूपाक्षरावांनी घेतला, तू घेतलास, वरच्या मजल्यावरच्या मुलींनी घेतला. शेवटी ती रुसून म्हणाली, मला कोणाचं तोंडच दिसत नाही. तू हे गंमत म्हणून सांगितलंस, आणि बॅटरी त्याच कंडक्टरकडं परत पाठवलीस. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मला काम सुधरेना, हातातल्या मोटारीची तार गुंडाळताना दोनदा चुकलो.

तुझ्या ताईची आठवण त्या दिवशी फार आली. आमचं नवीन लग्न झालेलं, दुकान नव्हतं, मी सायकलवर खेड्यापाड्यांत जाऊन विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचो. जगदेवी मागच्या कॅरिअरवर. लोक हसायचे, मिस्त्रीनं बायको आणलीया हाताखाली. विहिरीत भर दुपारी सुद्धा खालच्या पायऱ्यांना अंधार असतो. पाइपाच्या तळाशी असलेला व्हॉल्व्ह अडकला की तो हातानंच चाचपावा लागायचा. तर ती काठावर बसून पदरातून आरसा काढायची, कुंकू लावायचा, तळहाताएवढा. उन्हाचा कवडसा पकडून माझ्या हातावर सोडायची. मी हात हलवला की कवडसा हलायचा. वरून विचारायची, "दिसलं का हो?" मी खोटंच म्हणायचो, अजून नाही. म्हणजे तो कवडसा अजून थोडा वेळ हातावर राहायचा. तिला ते कळत होतं, कारण एकदा तिनं तो मुद्दाम माझ्या डोळ्यांवर मारला आणि म्हणाली, "आता?" मी पाण्यात पडता पडता वाचलो. आता त्या भागातल्या एकाही विहिरीत मिस्त्री बुडेल एवढं पाणी नाही.

दुसऱ्या बॅटरीबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. ती खेळण्यांच्या दुकानातली, गुलाबी, पुढं माकडाचं तोंड. आत बटणाएवढे सेल, आणि त्याचं झाकण नुसत्या नखानं उघडतं. लहान लेकरांनी तसला सेल गिळला तर जिवावर बेततं, हे मला दुकानात नाही, घरी आल्यावर सुचलं. तुमच्या वरच्या मजल्यावर दीड वर्षांचं बाळ आहे ना? ती बॅटरी मी इथंच ठेवली.

तिसरी एका मुलीनं दिली. कोचिंगच्या गल्लीत सिंधु नावाच्या पोरीचं दुकान आहे. वह्या, टेबलावरचे दिवे, पाण्याच्या बाटल्या, पोरांना लागतं ते सगळं. यंदा गल्ली ओस आहे, निम्म्या मेसला कुलूप, पोरं पाण्यावाचून आपापल्या गावी गेली. ती एकटीच स्टुलावर बसून होती, म्हणून तिला वेळ होता. मी म्हटलं, लांब उजेड पडणारी पण हलकी द्या. तिनं विचारलं, "कोणासाठी काका?" मुलगी, नऊ वर्षांची. "मग लांब कशाला? लेकराला पुढची चार पावलं दिसली की झालं. लांबचं सर बघतील." तिनं एक छोटी बॅटरी काढली. मुठीत मावेल एवढी. उजेड तीन तऱ्हेचा, त्यातला एक इतका मंद की समोरच्याच्या तोंडावर पडला तरी तो डोळे मिटणार नाही. दिवा खाली वाकवता येतो, म्हणजे पायाखाली बघायला मान वाकवावी लागत नाही. पट्ट्याला मागं चाप आहे, फांदीत अडकून ओढला गेला तर आपोआप सुटतो, गळ्याला फास बसत नाही. सेल नेहमीचे, माहुरात कुठल्याही दुकानात मिळतील असे, आणि झाकणाला स्क्रू आहे. मी मिस्त्री माणूस, पण ह्यातली एकही गोष्ट मी आधीच्या दोन दुकानांत विचारली नव्हती.

मग ती म्हणाली, "डोक्याचं माप सांगा, पट्टा लहान-मोठा आहे, त्याप्रमाणं देते." शिवगंगा, मी माप सांगायला दोन्ही हात पुढं केले, खरबूज धरावं तसे, आणि म्हटलं, एवढं. ती बघतच राहिली. मग खळखळून हसली. "काका, नऊ वर्षांची म्हणता ना? हे तर अंगावरच्या लेकराचं डोकं झालं की!" मी माझ्या हातांकडं पाहिलं. खरंच होतं तिचं. जगदेवी गेली त्याच्या तेराव्या दिवशी तू दानूला उचलून नेलंस, तेव्हा ती अडीच वर्षांची होती. त्या सकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावलं होतं. माझ्या हातांना तेवढंच माप ठाऊक आहे. त्यानंतर तिचं डोकं मी धरलं नाही. भेटायला आलो की पाठीवरून हात फिरवला, खाऊ दिला, अभ्यास विचारला. डोकं धरायला माणूस जवळ बसावा लागतो.

दुकानाबाहेर येऊन मी तुला फोन केला आणि विचारलं. तू कुकरचं झाकण लावत असशील, शिट्टीचा आवाज येत होता. तू एक क्षण सुद्धा थांबली नाहीस. "बावन्न सेंटिमीटर, दाजी. उन्हाळ्याची टोपी घेतली तेव्हा मोजलं होतं. पण उजव्या कानामागं तिला पट्टा टोचतो, तिथं जरा मऊ बघा." मी फोन कानाला धरूनच आत गेलो आणि त्या पोरीला बावन्न सांगितलं. तू ठेवलास ते मला कळलं नाही.

आता जानेवारीतलं सांगतो. संक्रांतीला तू तिला दोन दिवस माझ्याकडं सोडून उदगीरला गेली होतीस ना, माहेरी. मी आठवडाभर आधी पाणी साठवून ठेवलं होतं. तिला आवडते म्हणून शेंगाची पोळी सरजाबाईंकडून करून घेतली होती. ती आली, पायातल्या चपला ओळीत लावल्या, दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि माठाजवळ जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, "बाबा, एवढं पाणी घेऊ का?" आणि पेल्यावर बोट ठेवून निम्म्यावर खूण दाखवली. मी म्हटलं, अगं भरून घे की. तिनं निम्माच घेतला. कोणी शिकवलं नव्हतं तिला, शहाणी आहे म्हणून वागली. पण तुझ्या घरी मी पाहिलंय, ती दार ढकलून येते, बाटली तोंडाला लावते, थोडं अंगावर सांडते आणि तू ओरडतेस. ओरडून घ्यायला तिला तिथं भीती वाटत नाही. माझ्या घरी ती पाहुण्यासारखी दोन दिवस नीट राहिली. घरची लेकरं इतकी नीट राहत नाहीत.

ती गेल्यावर सरजाबाई पोळ्यांचा डबा न्यायला आल्या आणि दारातच घुटमळल्या. म्हणाल्या, "अण्णा, बोलू का नको आसं झालंय. लेकरू माझ्यापाशी बोलून गेलं. म्हणतंय, आजी, लातूरचे बाबा माझ्याकडं बघतच न्हाईत, माझ्या मागं कोण उभं हाय ते बघतात." मला वाटलं होतं मी तिला डोळे भरून बघतो. हनुवटी जगदेवीची, डावी भुवई उचलायची सवय जगदेवीची, हसताना तोंडावर हात ठेवणं तिचंच. मी दर वेळी हेच बघत होतो. आणि ते लेकरू त्या नजरेत अवघडून बसत होतं, मी नजर वळवेपर्यंत.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, देवाला सुद्धा सरळ सांगितली नाही. दुष्काळ मला सोयीचा होता. दर उन्हाळ्यात तू विचारायचीस, दाजी, न्यायची का तिला आता? आणि मी म्हणायचो, यंदा पाणी नाही, पुढच्या पावसाळ्यानंतर बघू. लोकांना ते पटायचं, तुलाही पटायचं. विहिरी आटल्या की लोक बोअर मारतात, बोअर आटली की मोटार कोरडी चालून जळते आणि माझ्याकडं येते. तीन वर्षं माझ्या दुकानात जळालेल्या मोटारींची रांग आहे, मला मान वर करायला सवड नाही, हेही खरंच होतं. पण त्याच्याखाली दुसरं खरं होतं. ती माझ्याकडं आली आणि इथं तिला करमलं नाही तर? तिनं पहिल्या संध्याकाळी मम्मीकडं, म्हणजे तुझ्याकडं, जायचं म्हणून रडायला सुरुवात केली तर? ते बघण्यापेक्षा "पाणी नाही" म्हणणं सोपं होतं. आणि सही करून तिला देऊन टाकणंही होत नव्हतं, कारण मग माझ्याकडं "पुढच्या पावसाळ्यानंतर" एवढं सुद्धा उरलं नसतं. मी तिला आणली नाही आणि सोडलीही नाही. सहा वर्षं तिला दोन घरांच्या मधल्या ओट्यावर बसवून ठेवली.

मग पंधरा दिवसांपूर्वी रेल्वेनं पाणी आलं. अख्खं लातूर स्टेशनावर बघायला गेलं होतं, मीही गेलो. लोकांनी डब्यांना हळदीकुंकू वाहिलं, कोणी नारळ फोडले. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा रडत होता. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आधी आलं ते हे, की आता तुला काय सांगू. तिथंच मला माझी लाज वाटली.

१९८२ साली मी नववीत होतो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी सांगितलं, आता आपण उस्मानाबाद जिल्ह्यातले नाही, आपला लातूर जिल्हा झाला. सगळ्यांनी वह्यांवरचं जुनं नाव खोडायचं आणि नवं घालायचं. घरी येऊन मी आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "जिल्हा बदलला म्हणून ज्वारी काय उलटी उगवती का रे?" पोरांनी दोन दिवसांत सगळ्या वह्यांवर लातूर केलं. मी एका वहीवर केलं नाही. सहामाही परीक्षेला गुरुजींनी ती वही वर धरली आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय बिराजदार, सगळे लातूरला पोचले, तू अजून उस्मानाबादेतच?" पोरं हसली. मला त्या नावाचं प्रेम होतं असं नाही. मला खोडायला जमत नाही, एवढंच. आता तुझ्या माहेरी लोक म्हणतात उदगीर जिल्हा होणार. झाला तर तुझे आप्पा ह्या वयात पुन्हा पत्ता बदलतील आणि त्याच ओट्यावर बसून तोच पेपर वाचतील. दानूचंही तसंच आहे. ज्या हातचं खाते, ज्याच्या हाकेला ओ देते, ते सहा वर्षांपूर्वीच ठरलंय. कागदावर मी तेवढं अडवून धरलंय.

बॅटरीबद्दल दोन-चार गोष्टी लिहून ठेवतो, दानूला वाचून दाखव. बटण एकदा दाबलं की मंद, दोनदा मध्यम, तिसऱ्यांदा मोठा. लेण्यांत मंदच ठेवायचा, तेवढा पुरतो आणि वटवाघळंही बिथरत नाहीत. दुसऱ्याशी बोलताना दिवा खाली वाकवायचा. दिवसा पिशवीत आपोआप चालू होऊन सेल संपतात, म्हणून बटण बराच वेळ दाबून ती बंद करून ठेवायची, मग धक्क्यानं लागत नाही. बटण न बघता सापडावं म्हणून मी डोळे मिटून पन्नास वेळा दाबून पाहिलंय, सापडतं. उजव्या कानामागं येतो तिथं पट्ट्याला आतून मऊ कापड शिवलंय. शिवण माझी आहे, वेडीवाकडी दिसेल. पट्टा बावन्नवर लावलाय, थोडा सैल करायला जागा ठेवली आहे.

काल मंगळवारी सकाळी दुकान उघडल्यावर मी पाकीट काढलं. सोमवारी ते सोबत नेलंच होतं, पण मोटारी आल्या, असं स्वतःला सांगून परत आणलं होतं. काल बाहेरची फळी लावून घेतली. शेजारच्या पिठाच्या गिरणीतला मलप्पा साक्षीदार म्हणून आला, कपाळापर्यंत पिठानं पांढरा. मी पानं एकेक करून सगळी वाचली आणि पहिल्या दोन्हींवर सह्या केल्या. तिसरं शेवटचं. तुम्ही कोणतीही अट घातली नाही, मीही घालत नाही. तिनं मला बाबा म्हणायचं की काका म्हणायचं, ते तिचं तिनं ठरवावं. एवढंच मागतो, हे तिला तू सांगू नकोस. ती शिबिराहून आली की मी नांदेडला येईन, तिच्या शेजारी बसेन आणि मीच सांगेन, मग आपण सगळे मिळून नोंदणीला जाऊ. तारीख विरूपाक्षरावांनी ठरवावी. जूनच्या आधीची. तर तिसरं पान. त्याच्यावर मधोमध मुलीचं पूर्ण नाव होतं. ते मी शेवटचं एकदा मोठ्यानं वाचलं, दानम्मा मन्मथ बिराजदार. मलप्पा हात झटकत म्हणाला, "आरं, मला येतंय की वाचायला." मी म्हटलं, "तुला नाही वाचून दाखवलं." आणि सही केली.

तुमच्यातलाच,
मन्मथदाजी